वारा सरला का?

आमच्या पोटविकाराच्या वॉर्डात संडासाला लागून असलेला कोपऱ्यातला बेड कुणालाच नको असतो. दाराची उघडझाप, फिनेलचा वास, रात्रभर तोंडावर लाईट. त्यामुळे अ‍ॅडमिट होता होताच कुणी "तो कोपऱ्यातला रिकामा आहे का?" असं विचारलं, की फाईल न उघडताच माझ्या लक्षात येतं, आतड्याचा जुना आजार आहे. कोल्हापूरकडचे ते एसटीचे कंडक्टर असेच आले. वय पस्तिशीच्या आत, वजन ४३ किलो, गणवेशाचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही आत सुरीने नवं भोक पाडून आवळलेला.

क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणाऱ्या जुनाट आजाराचं, निदान नुकतंच झालं होतं, पण आजार चार वर्षांचा होता. कोल्हापूर-स्वारगेट गाडीवर ते असायचे. कराडच्या, साताऱ्याच्या स्टँडवर संडास कुठे आहे, किती वाजता धुतात, कुणाकडे किल्ली असते, सगळं पाठ. "कराडपर्यंत धरता येतंय सिस्टर, साताऱ्यापर्यंत न्हाई," असं ते अगदी साधेपणाने सांगत. मग त्यांनी त्यावर उपाय शोधला: ड्यूटीच्या आदल्या रात्रीपासून काही खायचंच नाही. पोटात काही नसलं की निदान पळावं लागत नाही. वजन आजाराने जेवढं गेलं, तेवढंच या उपासाने गेलं असावं. क्रोन्सचे कितीतरी पेशंट हेच करतात आणि घरच्यांना वाटतं, भूक मेली.

मधल्या काळात टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स झाला होता. याबद्दल मी कुठल्याच डॉक्टरला बोल लावणार नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबी पुष्कळ, तो बसतोही त्याच जागी, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे. ताप, वजन घटणं, पोटदुखी, व्रण, बायोप्सीतल्या गाठी, दोन्हींत सारखंच सापडतं. शिवाय टीबी असताना क्रोन्सचे स्टिरॉइड दिले, तर टीबी अंगभर उसळू शकतो. म्हणून आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. पण पेशंटच्या घरात त्या सहा महिन्यांत काय होतं, ते रिपोर्टमध्ये येत नाही. यांच्या घरी ताट-वाटी वेगळी काढली होती. मुलीला बापाच्या अंथरुणावर बसू देत नव्हते. लघवी लाल व्हायची (ती रिफाम्पिसिनमुळे होतेच), तर रक्त जातंय म्हणून आई देवापुढे बसून राहायची. पोटाचा टीबी ताटातून पसरत नाही, हे त्यांना कुणी बसवून सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडे आले तेव्हा आतडं अर्धवट अडलेलं होतं. तोंडाने सगळं बंद, पोटात साचलेलं बाहेर पिशवीत काढायला नाकातून राईल्स ट्यूब नावाची नळी, सलाईन, पोटॅशियम, दर सहा तासांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीत इंजेक्शन. सीटीमध्ये लहान आतड्याच्या शेवटी अरुंद झालेला भाग दिसत होता. ही अडचण सुजेमुळे असेल तर स्टिरॉइडने उतरते. पण व्रण भरून येता येता तो भाग कडक झाला असेल, तर कुठलंच औषध त्याला रुंद करू शकत नाही. काय आहे, ते कळायला थोडे दिवस द्यायचे, असं ठरलं होतं.

त्या सकाळी हँडओव्हरमध्ये सांगितलं गेलं: कोपऱ्यातला पेशंट शांत, रात्रभर संडासला उठला नाही, ट्यूबच्या पिशवीत जेमतेम पन्नास एमएल. दिवसाला दहा-बारा वेळा जाणारा माणूस एकदाही गेला नाही म्हटल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं. त्यांच्या बायकोने तर ताईला फोन करून सांगूनही टाकलं, "ह्यांला उतार पडला."

मी ट्रॉली घेऊन गेले, तर ते गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेला माणूस असा पडत नाही. मी विचारलं, "दादा, वारा सरला का?"

"कालच्या सांजपासनं न्हाई. पोटात नुसतं गुरगुरतंय, कळ येती, जाती. पुढं काय सरंना."

"मग रात्री सांगितलं का नाही?"

"संडासला लागली न्हाई, म्हंजी बरंच की, असं म्हनली सगळी. मला काय ते बरं वाटंना, पर म्हटलं माझंच चुकत आसंल."

हे वाक्य मला फार लागलं. चार वर्षं ज्याने आपल्या आतड्याची प्रत्येक हालचाल ओळखून गाडीतले प्रवासी सांभाळले, त्याला दवाखान्यात येऊन आपलंच कळणं खोटं वाटावं.

नाडी ११८. ताप नाही. आदल्या संध्याकाळी बेंबीवर पेनाने खूण करून पोटाचा घेर मोजला होता, तिथेच टेप लावली तर चार सेंटिमीटर जास्त. मग ट्यूबकडे वळले. वीस एमएल सलाईन सिरिंजने आत ढकललं, जोर लागला, आणि ओढून घेतलं तसं एक घट्ट बुळबुळीत गाठ सुटून आली. पाठोपाठ हिरवंगार पाणी. किडनी ट्रे भरला, दुसरा घेतला, मावशींनी तिसरा आणून धरला. पिशवीत पन्नासच एमएल होतं, कारण नळी तुंबली होती.

रेसिडेंट डॉक्टर धावत आले. पोट दाबून म्हणाले, "मऊ आहे, सिस्टर." मी म्हटलं, "सर, हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच फोन उचलला. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाचं आतडं फुटलं, तरी पोट दगडासारखं कडक होईलच असं नाही, तापही येईलच असं नाही. वाढलेली नाडीच तेवढी चुगली करते. नवा डॉक्टर असूनही त्याला हे एका वाक्यात उमगलं, याचं मला अजून कौतुक आहे. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पायऱ्यांसारखे पाण्याचे थर, तातडीच्या सीटीत अरुंद भागाच्या वरच्या बाजूला बारीकशी गळती. दुपारीच थिएटरमध्ये घेतलं. तो तुकडा काढला आणि अशा अवस्थेत टाके टिकणार नाहीत म्हणून लहान आतड्याचं टोक पोटावर आणलं. या तोंडाला स्टोमा म्हणतात, त्यावर मळ जमा करायला पिशवी चिकटवतात.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी पांघरूण उचलून पिशवी पाहिली आणि पुन्हा झाकली. दिवसभर बोलले नाहीत. पुढे एकदा हळूच म्हणाले, "सिस्टर, उभ्या गर्दीतनं तिकिटं फाडत जायाचं असतंय. कुनाचं ढोपर लागलं, तर?"

अशा वेळी "सगळं ठीक होईल" म्हणण्यापेक्षा कात्री हातात द्यावी, असं माझं मत आहे. मी त्यांना बसवलं आणि पिशवी स्वतः बदलायला लावली. मापाच्या कागदाने स्टोमाचा घेर मोजायचा, चिकटणाऱ्या चकतीला त्याहून फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापायचं. जास्त मोठं कापलं की पाचकरस कातडीवर येतो आणि कातडी भाजल्यासारखी सोलवटते. साध्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, चकती हाताच्या उबेने दाबून धरायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे वजनाने सुटत नाही. तिकिटं फाडणारी बोटं ती, दुसऱ्याच वेळी माझ्यापेक्षा गोल भोक कापलं.

बायको काळजीने तांब्या तांब्या पाणी पाजत होती. तिला समजावलं, की वहिनी, नुसतं पाणी जेवढं जास्त, तेवढं पिशवीतून जास्त वाहतं आणि सोबत मीठ घेऊन जातं. ओआरएस घोट घोट द्या, आणि दिवसाला दीड लिटरच्या वर भरायला लागलं तर थांबू नका, फोन करा. मग तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "हे टीबी न्हवंच ना? पोरीनं जवळ बसलं तर चालंल?" काढलेल्या आतड्याचा रिपोर्ट आला होता, त्यात टीबीचं काही नव्हतं. हा आजार कुणालाच लागत नाही, शरीराची स्वतःची संरक्षणशक्तीच आतड्यावर उलटते, असं सांगितलं. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो लिहून काढला म्हणून त्याला क्रोन यांचं नाव, हेही सांगितलं. गावात कुणी विचारलं तर तिला उत्तर देता यावं. रविवारी मुलगी आली. बापाच्या बेडवर चढून बसली आणि सलाईनचे थेंब मोजत राहिली.

तेव्हापासून आमच्या वॉर्डातल्या नव्या मुलींना मी एक गोष्ट आग्रहाने शिकवते. आतड्याच्या पेशंटला "संडासला किती वेळा?" एवढंच विचारून चार्ट बंद करायचा नाही. वारा सरला का, कळ कशी आहे, कालच्यापेक्षा वेगळं काही वाटतंय का, हे विचारायचं. पिशवीत कमी दिसलं तर आधी नळी मोकळी आहे का ते बघायचं. लाजून पेशंट सांगत नाहीत, आणि आपणही लाजून विचारत नाही.

काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडलं, पिशवी गेली. आजार गेलेला नाही, तो जातही नाही. टीबीची चाचणी पुन्हा करून आता दर दोन आठवड्यांनी, उलटलेल्या संरक्षणशक्तीला आवर घालणारं अ‍ॅडॅलिमुमॅबचं इंजेक्शन ते मांडीत स्वतः घेतात. आतड्याचा शेवटचा भाग काढल्यामुळे बी-१२ वेगळं घ्यावं लागतं. विडी सोडली आहे, कारण ओढत राहिलं तर जोडाच्या जागी आजार लवकर परततो, हे सर्जननी त्यांना चित्र काढून दाखवलं होतं. वजन ५४ किलो. सध्या स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसतात. आजार परतलाय का, हे बघायला जोडणीनंतर सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, असते. तिच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन दिवस संडासातच जातो, म्हणून त्या दोन दिवसांची रजा त्यांनी आत्ताच टाकून ठेवली आहे.