फेसलेली मोहरी आणि व्हिएन्नाची टपरी

नौपाड्यात गजाननच्या गर्दीत सराईत ठाणेकर एका दमात सांगतो: दोन वडापाव, पिवळी चटणी जास्त. तोच माणूस युरोप टूरवर व्हिएन्नात, ऑपेराच्या मागे आल्बर्टिना संग्रहालयाशेजारी सॉसेजच्या टपरीसमोर उभा राहिला की नुसतं बोट दाखवतो. मागे रांग, बाजूला टूर लीडरची घाई. मग पदरात पडेल ते खायचं आणि बसमध्ये ‘काही खास नाही’ म्हणून निकाल द्यायचा.

या टपऱ्यांना तिथे वुर्स्टेलस्टांड म्हणतात. २०२४ मध्ये ऑस्ट्रियाने त्यांना आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, म्हणजे बोट दाखवून उरकण्याइतकं हे प्रकरण किरकोळ नाही. आधी प्रकार ठरवावा. फ्रांकफुर्टर सडपातळ आणि सौम्य, डेब्रेत्सिनर पॅप्रिकाचं, बुरेनवुर्स्ट जाडंभरडं. आणि केझेक्रायनर, म्हणजे भरड मांसात चीजचे बारीक तुकडे घातलेलं, धुरावलेलं सॉसेज. यात डुक्कर असतंच असं धरून चाला. बऱ्याच प्रकारांत गोमांसही असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. बिनमांसाचं सॉसेजही आता काही टपऱ्यांवर मिळतं.

आमचं मत केझेक्रायनरला. ते मंद तव्यावर फिरवत भाजतात, कारण आंच वाढली की साल फाटून चीज तव्यावर सांडतं. हातात आल्यावर लगेच दात लावू नका. आतलं वितळलेलं चीज पिचकारीसारखं उडतं. टाळू भाजते आणि शर्टाचीही वाट लागते. कापून मागितलं तर वाफ निघून जाते. कागदी ताटलीत तुकडे, सोबत पाव आणि मोहरीची पेस्ट. ती गोड की तिखट हे तुम्ही सांगायचं. वर ‘क्रेन’ मागा: ताज्या किसलेल्या हॉर्सरॅडिशचा, म्हणजे एका पांढऱ्या झणझणीत मुळाचा ढीग. लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीसारखा तो थेट नाकात जातो. दोघींचं कूळ एकच, झणकाही एकाच द्रव्याचा. ते द्रव्य किसल्यावर तयार होतं आणि उडून जातं, म्हणून किस ताजाच हवा.

पावातलं हवं असेल तर गंमत बघण्यासारखी. लांबट पावाचं एक टोक कापून तो तापलेल्या लोखंडी सुळक्यावर खुपसतात. आत भोक पडतं आणि आतली बाजू शेकली जाते. भोकात आधी मोहरी, मग सॉसेज. दुसरं टोक बंद असल्याने खालून काही गळत नाही. चालता चालता खायला याहून नेटकी रचना आम्हाला माहीत नाही (वडापावप्रेमींनी रागावू नये).

घोडबंदरच्या सुपरमार्केटमधलं गोठवलेलं चिकन सॉसेज आणून हा प्रयोग करणारे असतातच. ते फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्यावं. पाणी खळखळवू नका. उकळी आणून गॅस अगदी बारीक करा. पाणी ७५ ते ८० अंशांवर ठेवून त्यात दहा मिनिटं. खळखळत्या पाण्यात ते फुगून फुटतं आणि चव पाण्यात जाते. मग तव्यावर थोड्या तेलात रंग येईपर्यंत. चावताना ‘कट्’ असा आवाज आला नाही तर हिरमुसू नका. आपल्याकडची बहुतेक सॉसेज बिनसालीची असतात. लादीपावाला मात्र सुळका लावायला जाऊ नका. त्याला कडक पापुद्रा नाही, भोक पडायच्या आधी तो चिंधडतो.