मळमळ गोळीमुळे की डोकेदुखीमुळे?

आमच्या घरात डोकं दुखून मळमळायला लागलं की निदान ठरलेलं: पित्त. सासूबाई कोकम सरबत करून द्यायच्या आणि उलटी होऊन डोकं उतरलं की म्हणायच्या, "बघ, पित्तच होतं." माझा संशय मात्र गोळीवर होता. आयबुप्रोफेन घेतली की कधी मळमळ थांबायची, तर कधी त्यानंतरच सुरू व्हायची.

परळच्या डॉक्टरांनी अर्धशिशी असल्याचं सांगितलं आणि वही ठेवायला लावली. डोकं कधी ठणकलं, मळमळ कधी आली, गोळी कधी घेतली आणि तेव्हा पोटात काय होतं, एवढंच लिहायचं. दादरला गाडी बदलताना मी वेळा मोबाईलवर टिपायचे आणि घरी वहीत उतरवायचे.

हळूहळू दोन वेगळ्या मळमळी दिसू लागल्या. एक डोकेदुखीबरोबर, गोळीच्या आधीच यायची. तेव्हा लेडीज डब्यातला गजऱ्याचा वासही सोसायचा नाही. दुसरी गोळीनंतर यायची, पोटात जळजळ घेऊन, आणि तीही बहुतेक सकाळी नुसत्या चहावर गोळी घेतली की.

डॉक्टरांनी वही चाळून सगळं उलगडून सांगितलं. पहिली मळमळ अर्धशिशीचीच. दुखणं आवरलं की ती ओसरते, आणि उलटीनंतर झटका उतरणं हेही अर्धशिशीत होतं. पण झटक्यात जठर मंदावतं, गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून ती सुरुवातीलाच घ्यायची. दुसरी मळमळ आयबुप्रोफेनची. ही गोळी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची, दुखणं वाढवणारी द्रव्यं तयार होणं रोखते म्हणून दुखणं कमी होतं. पण जठराचं अस्तर सांभाळतात ती हीच द्रव्यं. म्हणून काहीतरी खाऊनच ती घ्यायची. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण प्रौढांनी 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि सर्दीतापाच्या बऱ्याच गोळ्यांतही ती असते, तीही मोजायची.

मळमळीसाठी डोम्पेरिडोन लिहून देण्याआधी त्यांनी हृदयाचा काही त्रास आहे का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, हे खोदून विचारलं. केमिस्टकडून अशी गोळी सहज आणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं.

वहीत आता गोळीच्या दिवसांचाही रकाना आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, अशा काही महिने घेत राहिलं तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. तो आकडा वाढताना दिसला तर लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.