माझं पाणी कोरं निघालं

आज साताऱ्यात जलसुरक्षकांचं, म्हणजे गावच्या पिण्याच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या आमच्यासारख्यांचं, प्रशिक्षण होतं. कोरेगावपासून एसटीत उभ्यानं आलो. पहिला दीड तास सत्कार आणि प्रास्ताविक, त्यावर काय लिहायचं? चहा बरा होता.

खरी गंमत दुपारी. प्रत्येकानं आपल्या गावचं पाणी बाटलीत आणलेलं. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या तपासणीच्या द्रावणाचे, थेंब टाकायचे. क्लोरीन असला की पिवळं होतं. शेजारच्याचं झालं, माझं कोरंच! बारा वर्षं टाकीवर चढतोय. 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे आमच्या 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम, हिशोब तोंडपाठ. लाज वाटली राव. "बाटलीत चार तास राहिलं, उडाला असेल," अशी सारवासारव केली. मग शेजारच्याचा कसा नाही उडाला?

मॅडमनी एवढंच विचारलं, "दादा, पोतं कुठं ठेवता?"

पंपघरात. मोटारीशेजारी. तोंडाला सुतळी.

ताज्या पावडरीत 33 टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो, पण ऊब आणि ओल लागली की निघून जातो. मागं उरतो तो जवळजवळ चुनाच. आणि शेवटच्या नळाला लिटरमागं 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन पोचायला हवा.

घरी न जाता आधी पंपघर उघडलं. पोत्यात तोंड घातलं. एरवी नाकाला झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं. आज काहीच नाही. हाताला गठळ्या लागल्या.

उद्या ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांकडं नवीन पोतं आणि झाकणाचं पिंप मागायचंय. पोतं मिळेल. पिंपाचा खर्च कशात टाकायचा, हे मात्र ते मलाच विचारणार.