मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एक, वेळा दोन

धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते, त्यामुळे हिवाळा जवळ आला की आमच्याकडे आईच्या तिकिटाचा विषय निघतो. यंदा तिकीट वाचून तिने विचारले, "जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, रस्ता तोच ना रे?"

मुंबई ते न्यूयॉर्क हे सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. त्याला ताशी 900 किलोमीटरने भागले की चौदा तासांच्या आसपास उत्तर येते. मात्र तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असल्यामुळे धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्याही तीत धरलेल्या असतात.

आता रस्त्याविषयी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते, आणि ती सरळ दिसत असली तरी प्रत्यक्षात सुमारे 1,700 किलोमीटरने लांब पडते. म्हणून मी आईच्या विणकामातली लोकर घेऊन पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये ताणून धरली. ती अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि रशियावरून वर चढत नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमजवळ पोहोचली, जवळजवळ 65 अंश उत्तर अक्षांशाला टेकली आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरली. आईला हे काही केल्या पटेना. अमेरिका पश्चिमेला असताना नॉर्वेला कशाला जायचे, हा तिचा मुद्दा होता.

अर्थात विमानाला लोकरीच्या वाटेने जाऊ दिले जाईलच असे नाही. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. मुंबईहून निघणाऱ्या विमानाला निदान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळता येते. दिल्लीकरांचा वळसा त्याहून मोठा असतो.

मात्र जाण्या-येण्यातला दीड तासाचा फरक मुख्यतः वाऱ्याचा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार होतात. येताना ते विमानाला पुढे रेटतात, तर जाताना समोरून अडवतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे समोरचे शहर आपोआप जवळ येते, ही समजूत मात्र चुकीची आहे, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते.

हे सर्व ऐकून घेतल्यावर आईने घड्याळाचे विचारले. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून रात्री एक वाजता निघालेली आई सोळा तासांनंतर तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरेल. "म्हणजे जावईबापूंना पहाटे उठावे लागणार," ती म्हणाली आणि दुपारी उतरणारे विमान आहे का ते बघायला मला पुन्हा संगणकासमोर बसवले.