केबल नसताना यूएसबीच्या लाइनवर व्होल्टेज: माझा अनुभव

स्लीपमध्ये (काम नसताना झोपेत) सर्किट बोर्ड जास्त करंट घेतोय म्हटलं की समोरचा माणूस एकच सांगतो, "कोड बघ." मी हे इतक्या जणांकडून ऐकलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं. माझा कोड बरोबर होता. करंट एक डायोड पीत होता, आणि तो डायोड माझ्या बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) नव्हताच. हे सिद्ध करायला जी खटपट करावी लागली, ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

बोर्ड कांद्याच्या चाळीसाठी होता. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो आणि भाव बघून काही जण तो पार दिवाळीपर्यंत ठेवतात. साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली, असं सांगतात. निफाडकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. दर अर्ध्या तासाला तापमान आणि आर्द्रता मोजून लोराने (कमी विजेत लांब पोहोचणाऱ्या रेडिओने) घरापर्यंत पाठवायची, एवढंच काम. चाळीत वीज नाही, म्हणून ५०० एमएएचची छोटी लिपो बॅटरी आणि हंगामाच्या सुरुवातीला एकदा चार्ज करायला यूएसबी.

कागदावरचा हिशेब साधा होता. एसटीएम३२एल० कंट्रोलर स्टॉप मोडमध्ये (गाढ झोपेत), आरटीसी म्हणजे आतलं घड्याळ चालू ठेवून, सुमारे १ मायक्रोअँपिअर. एमसीपी१७०० रेग्युलेटर स्वतःसाठी १.६. रेडिओची एसएक्स१२७६ चिप झोपेत ०.२, एसएचटी३१ सेन्सर तेवढाच. बॅटरी मोजायला एकेक मेगाओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे आणखी २ च्या आत. चार्जर चिपची किरकोळ गळती धरली तरी बेरीज ६ च्या आसपास. मधूनमधून होणारं प्रसारण मिळवून सरासरी ३५ धरली तर बॅटरी वर्षभर सहज पुरायला हवी.

असेंब्ली होऊन आलेला बोर्ड टेबलावर झोपेत ६४ मायक्रोअँपिअर घेत होता. चाळीत लावलेल्या नोडांचा (म्हणजे अशाच बोर्डांचा) बॅटरीचा आलेख तर असा उतरत होता की तीन महिन्यांत खेळ आटोपेल. शिवाय काही नोड भर दुपारी रीसेट व्हायचे आणि संध्याकाळी आपोआप शहाण्यासारखे वागायचे. चाळीच्या मालकांचा फोन यायचा, "भाऊ, तुमचं यंत्र दुपारचं झोपतंय." त्यांनी पहिल्या दिवसापासून "दुपारचं" म्हटलं होतं. निदान त्या एका शब्दात होतं.

कोडची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे लिहिलेली असते. न वापरलेल्या पिना अॅनलॉग मोडमध्ये टाका, तरंगत्या ठेवू नका. रेडिओला स्पष्टपणे स्लीपची आज्ञा द्या, नाहीतर तो स्टँडबायमध्ये १.६ मिलिअँपिअर घेत बसतो. डीबगर (कोड तपासायचं उपकरण) काढा आणि मग पॉवर पूर्ण बंद करून परत द्या. स्टॉपमध्ये डीबग चालू ठेवणारी सेटिंग नुसत्या रीसेटने जात नाही, आणि ती चालू असेल तर तुम्ही मोजाल तो आकडा खोटाच. हे सगळं झाल्यावरचा आकडा ६४ होता.

मीटरबद्दलही इथेच सांगून टाकतो. माझ्या मीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये १०० ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) आहे. बोर्ड जागा होऊन २० मिलिअँपिअर मागतो तेव्हा त्या शंटवरच २ व्होल्ट पडतात, कंट्रोलर रीसेट होतो, परत जागा होतो, परत पडतो. मीटरच्या दोन टोकांना एक स्विच समांतर लावा. बोर्ड झोपेपर्यंत स्विच ऑन ठेवा, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जाईल. झोपला की ऑफ करा. महागडं उपकरण नसलं तरी एवढ्यावर काम भागतं.

आता जिथे घोडं अडलं ते. कोडवाल्यांचं तोंड बंद करायला मी हॉट एअरने आधी रेडिओ उतरवला. तो आधी अशासाठी, की कंट्रोलर नसेल तर त्याला झोपवणार कोण? वीज मिळाली की तो स्टँडबायमध्येच उठतो. मग कंट्रोलरही उतरवला. बोर्डावर आता एकही ओळ कोड नव्हता. मीटर दाखवत होता ६३.

ज्यांना ज्यांना फर्मवेअरचा, म्हणजे कोडचा, संशय आहे त्यांनी हे एवढं एक करावं. एक बोर्ड वाया गेला तरी चालेल. वाद तिथेच संपतो आणि शोधायची जागा अर्ध्याहून कमी होते.

पण पाणी कुठे मुरतंय ते अजून कळत नव्हतं. सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सच्या थरातून गळती होते, म्हणून बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रशने धुतला, वाळवला. तेच. मोठ्या पॅनेलमधून बोर्ड तोडून सुटे करताना कडेच्या सिरॅमिक कपॅसिटरला बारीक तडा जातो आणि तो गळू लागतो, म्हणून कडेचे कपॅसिटर काढले. तेच. सेन्सर काढला. तेच. थर्मल कॅमेरा आणा, असं एकाने सुचवलं. ६० मायक्रोअँपिअर गुणिले ३.८ व्होल्ट म्हणजे पाव मिलिवॅटही नाही. एवढ्याने एखादा पार्ट गरम झालेला सहजी दिसत नाही. तो उपाय पाच-पन्नास मिलिअँपिअरच्या गळतीसाठी.

एकेक पार्ट उपटत बसण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. मग मी ठरवलं की आता काही काढायचं नाही, या करंटचा स्वभाव बघायचा. इथूनच वाट मोकळी झाली, आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे.

बॅटरीच्या जागी बेंच सप्लाय लावला आणि व्होल्टेज ३ पासून ४.२ पर्यंत हळूहळू चढवलं. गळती एखाद्या रेझिस्टरमधून असती, म्हणजे विसरलेला पुलअप (लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर) वगैरे, तर करंट त्याच प्रमाणात ४० टक्क्यांनी वाढला असता. झेनर किंवा ५ व्होल्टचा टीव्हीएस (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा डायोड) गळत असता तर वरच्या टोकाला करंट एकदम उसळला असता. हे ५ व्होल्टचे टीव्हीएस फार गळके असतात. एसएमबीजे५.०ए च्या डेटाशीटमध्ये ५ व्होल्टला कमाल गळती ८०० मायक्रोअँपिअर दिलेली आहे, बॅटरीच्या बोर्डावर तो लावण्याआधी ते पान जरूर वाचा. माझा करंट यातलं काहीच करत नव्हता. वाढत होता, पण जेमतेम.

मग उष्णता. हेअर ड्रायर लांबून धरला आणि बोर्ड कोमट केला. आकडा चढायला लागला: ८०, ११०, १५०, आणि हाताला चांगलं गरम लागेपर्यंत २०० च्या जवळ. ड्रायर बंद केला की हळूहळू खाली. व्होल्टेजला फारशी दाद न देणारा आणि दर दहा-बारा अंशांना दुप्पट होत जाणारा करंट म्हणजे उलट्या दिशेने गळणारा डायोड, आणि त्यातही शॉटकी (धातू आणि सिलिकॉनच्या जोडाचा डायोड). चाळीच्या मालकांची "दुपार" माझ्या टेबलावर आली होती.

बोर्डावर शॉटकी एकच होता. यूएसबीचे ५ व्होल्ट त्यातून सर्किटकडे जातात. केबल काढली की बॅटरी पी-चॅनल मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) सर्किट चालवते. त्या मॉसफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारी पिन; तिथे शून्य व्होल्ट असले की तो पूर्ण चालू) यूएसबीच्या लाइनला आणि तिथून १० किलोओहमने ग्राउंडला. चार्जर आणि सर्किट यांच्यात वीज वाटून द्यायची ही अगदी प्रचलित रचना आहे. केबल नसताना डायोडला बॅटरीचं व्होल्टेज उलटं मिळतं. तो गळला तर करंट मागे यूएसबीच्या लाइनवर जातो आणि १० किलोओहममधून ग्राउंडला उतरतो. मी केबल काढलेल्या यूएसबीच्या पिनेवर मीटर लावला. तिथे शून्य हवं होतं. ०.५८ व्होल्ट होते. भागिले १० किलोओहम, म्हणजे ५८ मायक्रोअँपिअर. माझ्या हिशेबात न बसणारा आकडा नेमका तेवढाच होता. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसलो.

आयपीएत भिजवलेला कापसाचा बोळा डायोडवर ठेवला, तो गार झाला आणि ते व्होल्टेज डोळ्यांदेखत उतरलं. आणखी पुरावा नको होता.

दुपारच्या रीसेटचं कोडंही त्याच पिनेवर सुटलं. उन्हात गळती १९० वर गेली की गेटवर १.९ व्होल्ट येतात आणि मॉसफेट पूर्ण चालू होत नाही. त्यातच रेडिओने प्रसारणासाठी शंभरेक मिलिअँपिअर मागितले की लाइन खाली बसते आणि कंट्रोलर रीसेट. कुणी त्या जागी १०० किलोओहम लावला असेल तर त्याला हे आणखी लवकर भोवेल, कारण तिथे १९ मायक्रोअँपिअरलाच १.९ व्होल्ट होतात.

आता माझा राग कशाचा ते. मी हा डायोड निवडताना गळतीचा रकाना बघून निवडला होता आणि बीओएममध्ये उत्पादकासकट पूर्ण पार्ट नंबर दिला होता. भिंगाखाली बघितलं तर डायोडवरचं मार्किंग माझ्या पार्टचं नव्हतं. असेंब्लीवाल्यांना ईमेल केला. उत्तर नाही. फोन केला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." पार्ट ज्या रिळावर येतात त्याच्या लेबलचा फोटो मागितला, "स्टोअरला विचारून सांगतो." दुसरीकडे चाळीत बॅटऱ्या उतरत होत्या आणि मी रोज सकाळी तो आलेख बघत होतो. अखेर जे उत्तर आलं ते शब्दशः असं: "सर, ओरिजिनल स्टॉकमध्ये नव्हता, इक्विव्हॅलंट लावलाय. ४० व्होल्ट, १ अँपिअर, सेम पॅकेज. फॉरवर्ड ड्रॉप तर तुमच्यापेक्षा चांगला आहे."

फॉरवर्ड ड्रॉप (पुढच्या दिशेने करंट जाताना डायोडवर पडणारं व्होल्टेज) चांगला आहे, हीच तर तक्रार होती. शॉटकीमध्ये धातू आणि सिलिकॉन यांच्यातला अडथळा जितका कमी, तितका पुढच्या दिशेचा ड्रॉप कमी आणि उलटी गळती जास्त. दोन्ही एकदम मिळत नाहीत. पॉवर सप्लायमध्ये त्यांचा डायोड उत्तम चालला असता. वर्षभर झोपून राहणाऱ्या बोर्डावर तो चालत नाही. व्होल्ट, अँपिअर आणि पॅकेज जुळलं म्हणजे पार्ट तोच झाला, हे त्यांनी मला न विचारता ठरवलं. डिलिव्हरीच्या कागदात एका ओळीनेही कळवलं नाही. एक फोन केला असता तर मी लगेच पर्याय दिला असता.

पर्याय खरंच सोपा होता. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन एम७ डायोड आणले, म्हणजे १एन४००७ चं एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटणारं) रूप. साधा सिलिकॉन डायोड, त्याच एसएमए पॅकेजमध्ये, टाकायला कुठे अडचण नाही. १००० व्होल्टला, २५ अंशांवर त्याची कमाल गळती ५ मायक्रोअँपिअर. माझ्याकडे उलटे ४ व्होल्टच असतात, म्हणजे प्रत्यक्षात गळती जवळजवळ नाहीच. पुढच्या दिशेने ०.८ व्होल्ट पडले तरी यूएसबीवर सर्किटला ४.२ मिळतात आणि ३.३ च्या रेग्युलेटरला ते भरपूर झाले. शाबूत बोर्डावर डायोड बदलला, मीटरचा स्विच ऑफ केला, मीटरवर ६.४. ड्रायर लावला, ७ च्या पुढे गेला नाही. मी तो आकडा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

चाळीतले नोड काढून आणले, डायोड बदलले, परत लावले. उरलेल्या बोर्डांचे डायोड असेंब्लीवाल्यांनी बदलून द्यावेत असं मी लेखी मागितलं आणि बऱ्याच ओढाताणीनंतर त्यांनी ते केलं. मजुरी घेतली नाही. पार्टचे पैसे मात्र लावले.

आता माझ्या ऑर्डरवर एक ओळ असते: लेखी परवानगीशिवाय कुठलाही पार्ट बदलायचा नाही, अगदी रेझिस्टरसुद्धा. शिवाय बीओएममध्ये डायोड, कपॅसिटर आणि रेग्युलेटरसमोर एक जादा रकाना असतो, त्यात चालणारी कमाल गळती किंवा स्वतःचा करंट लिहिलेला असतो, म्हणजे पर्याय शोधणाऱ्याला कशाकडे बघायचं ते कळेल. माल उचलण्याआधी सगळ्या रिळांच्या लेबलचे फोटो मागतो. सुरुवातीला कुरकुर करतात, मग पाठवतात.

एक राहिलं. नवीन बॅचमधला पहिला बोर्ड आला की केबल न लावता यूएसबीच्या पिनेवर व्होल्टेज बघा, आधी गार, मग ड्रायरखाली. हेच सेन्सरच्या बंद केलेल्या सप्लाय लाइनवरही करा. तिथेही आयटूसीच्या (सेन्सर आणि कंट्रोलरमधल्या डेटा लाइनच्या) पुलअपमधून चोरवाटेने वीज शिरते आणि बंद असायला हवा तो सेन्सर अर्धवट जागा राहतो. ४.७ किलोओहमचा एक पुलअप ३.३ व्होल्टला ७०० मायक्रोअँपिअरपर्यंत सोडू शकतो, तेव्हा सेन्सर बंद करायचा असेल तर पुलअपही त्याच बंद होणाऱ्या लाइनवर घ्या.