वेंगुर्ले ते गडहिंग्लज : पावसाच्या या बाजूकडून त्या बाजूला

पावसाळ्यात आंबोलीला जाणारे बहुतेक जण धबधब्याखाली भिजतात, गरम भजी खातात आणि आल्या वाटेने परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, परतू नका. तसेच पुढे आजऱ्यावरून गडहिंग्लजला जा. सह्याद्री पावसाचं काय करतो ते त्याशिवाय कळत नाही.

जुलैत वेंगुर्ल्याहून सकाळी निघालो तेव्हा सरी येऊन-जाऊन होत्या, मधेच लख्ख ऊन. सावंतवाडीनंतर आभाळ खाली उतरलं आणि दाणोली सोडून घाट लागल्यावर वायपर बंद करायची सोयच राहिली नाही. समुद्रावरून आलेला दमट वारा डोंगराला अडतो, वर चढतो, चढता चढता गार होतो आणि त्यातल्या बाष्पाचा पाऊस होतो. वेंगुर्ल्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत ७००० च्या आसपास!

कावळेसादला हा चढता वारा डोळ्यांना दिसतो. कड्यावरून सुटलेलं पाणी खाली पोचतच नाही. वारा ते परत वर उडवतो आणि पाऊस खालून तोंडावर येतो. रेलिंगच्या पुढे मात्र अजिबात जाऊ नका, शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही.

आजऱ्यापर्यंत भातखाचरं आणि रिमझिम. पुढे भुईमूग, सोयाबीन दिसू लागलं, आणि गडहिंग्लजजवळ रस्ता चक्क कोरडा. बरंचसं बाष्प घाटमाथ्यावरच गळून गेलेलं, त्यात इकडे उतरणारा वारा तापतो नि ढग विरतात. तेवढ्यासाठी हिरण्यकेशी मोलाची वाटते. आंबोलीला उगम पावून ती गडहिंग्लजवरून पुढे घटप्रभेला मिळते. ढगांनी जे दिलं नाही ते पाणी नदी आणून देते.

जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा. हवामान खात्याचा इशारा सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरचा घाटमाथा, दोन्हींसाठी बघा. एकाच दिवशी तो वेगवेगळा असू शकतो. टाकी सावंतवाडीत भरा आणि दरड पडलीय का ते घाटाखालीच विचारून घ्या. जंगलात शिरणार असाल तर जळवांसाठी मीठ हवंच. परत याच घाटाने उतरायचं असेल तर आजरा दुपारी तीनच्या आत सोडा, संध्याकाळच्या धुक्यात समोरच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत.