खासदार फंड, शाळेच्या दोन खोल्या आणि ते 'नोडल'

आमच्या कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या गावात मराठी शाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यात नुसत्या गळायच्या, पोरं वह्या पोटाशी धरून बसायची, म्हणून शाळा कमिटीनं ठरवलं की खासदार फंडातून काम मागायचं. पंचायतीचा ठराव, बीईओंचं (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं) पत्र, एस्टिमेट, खासदारांची शिफारस, हे सगळं झालं पटापट.

घोडं अडलं ते पुढं. तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला आम्ही उत्तर कन्नडमध्ये. मतदारसंघ असा दोन जिल्ह्यांत पसरला की खासदारांना त्यातला एक जिल्हा नोडल म्हणून निवडावा लागतो. खासदाराच्या वर्षाच्या ५ कोटींचा एकूण ताळमेळ बघायचं काम तिथल्या डीसींचं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचं. आम्ही ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव घेत नाही, पण तिथल्या टेबलावरच्या माणसानं फाईलची दोरी सोडायच्या आधीच सांगितलं, "तुमचं इथं नाही, नोडलकडं जावा." नोडलकडं विचारलं तर ते म्हणाले काम ज्या जिल्ह्यात, मंजुरी तिथलीच. परत आलो तर तोच माणूस, तेच टेबल, तेच उत्तर! चिडलो मी, खरं सांगतो. एकदा साहेब मीटिंगला, एकदा फाईल बघणारा केस वर्कर रजेवर, डिसेंबरात तर बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन, मग त्या दिवसांत आमच्या गळक्या कौलांना कोण विचारतंय. बरं, अर्ज मराठीत नको कन्नडमध्ये आणा म्हणाले, तो भाच्याकडून लिहून घेतला, तरी "बघू".

शेवटी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले फंडाचे नियम काढले, काम ज्या जिल्ह्यात तिथला डीसीच मंजुरी देतो ते पान छापलं, त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि थेट जनता दर्शनात, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीत, डीसींच्या हातात दिलं. त्यांनी दोन मिनिटं वाचलं, अर्जाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं एक ओळ लिहिली. बस्स. त्या ओळीनंतर तोच टेबलवाला "बसा की, चहा घेता?" म्हणायला लागला. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाची एक सही, आणि तिच्यापर्यंत पोचायला आमच्या चपला झिजल्या.

मधेच आठवलं, अर्ज दिला की इनवर्ड नंबर आणि शिक्का आपल्या झेरॉक्सवर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आमच्याकडं शिक्का होता म्हणून "अर्ज आलाच नाही" हे त्यांना म्हणता आलं नाही. जागेचा उतारा शाळेच्या नावावर आहे का तेही आधी बघा, जुन्या लोकांनी जागा तोंडी दान दिलेली असते आणि नाव अजून त्यांच्या आजोबांचंच. देवळाच्या आवारातलं काम तर मागूच नका, हा फंड प्रार्थनास्थळांना चालत नाही.

आणि छोटं काम असेल तर आधी आमदार फंड बघा. कर्नाटकात आमदाराला वर्षाला २ कोटी असतात, मंजुरी तिथंही डीसींचीच, पण खानापूर मतदारसंघ अख्खा एकाच जिल्ह्यात, त्यामुळं ही नोडलची भानगड येतच नाही. आमच्या खोल्यांवर स्लॅब टाकून झालाय, आता फंडाची पाटी लावायची राहिलीय, ती नियमानं लावावीच लागते, आणि ती कुठल्या भाषेत लिहायची यावरून कमिटीत आत्ताच भांडण सुरू आहे.